खडूची रेघ

अ‍ॅक्रन, ओहायो. मार्च सरत आलाय
आणि रस्त्यावरचं मीठ अजून गाड्यांच्या पोटाला चिकटलेलं.
मी गल्ल्यावर. बिलं, कॉफी, आणि फोनवर तेच ते:
हो, उघडं आहे. नाही, उधारी नाही.

टोबायस हॉर्वाथ चार टायर घेऊन आला,
कुठूनसे स्वस्तात मिळवलेले, दोनशे पंचेचाळीस.
एकेक छातीशी धरून आत आणला त्याने,
गाडीत झोपलेलं पोर घरात आणावं तसा.
म्हणाला, रुंद असले की वळणावर रस्ता सोडत नाहीत.

व्हर्लिन कॉम्ब्स, वय एकोणसत्तर.
रबराचा कारखाना बंद पडला तेव्हा
अंगाला लागलेला वास तेवढा घेऊन बाहेर पडलेला माणूस.
तो कधी कुणाला नाही म्हणत नाही,
पट्टी काढतो.
रिमच्या आतून मोजलं त्याने, बाहेरचे ओठ सोडून.
सात इंच.
पुन्हा मोजलं, पोराला दिसेल असं.
सातच.

"मागच्या गल्लीत एक फेरी," तो म्हणाला, "सावकाश."
साबणाचं पाणी, हवा,
एक फटाका, जरा वेळाने दुसरा,
कडा खोबणीत बसल्या.
बसल्या खऱ्या,
पण टायर दिसत होता गालात घास धरून गप्प राहिलेल्या माणसासारखा.
खाली चिमटलेला, मधे फुगलेला.

मग व्हर्लिनने खडू घेतला
आणि टायरच्या पाठीवर आडवी रेघ ओढली,
या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत, जाड, पांढरी.
माझ्या पाटीवरचा खडू होता तो. परत मिळाला नाही.

पोरगा गेला, आला.
उतरताना चेहरा असा, की जीभ भाजलीय पण सांगायचं नाही.
"स्टिअरिंग फिरवलं की," तो म्हणाला,
"गाडी आधी विचार करते."
आम्ही तिघं वाकलो.
रेघ मधोमध पुसलेली, तळहाताएवढी,
दोन्ही खांद्यांवर खडू जसाच्या तसा,
जणू तिथे रस्ता कधी पोचलाच नाही.

व्हर्लिन म्हणाला, "विकत घेतलेस दोनशे पंचेचाळीस.
चालवतोयस किती, ते बघ."

माझी आई म्हणायची, अंथरूण पाहून पाय पसरावेत.
मला ती म्हण कायम कद्रूपणाची वाटली,
गरिबांना गप्प बसवायची.
त्या दुपारी पहिल्यांदा वाटलं
की ती पायांबद्दल नसेलही,
अंथरुणाबद्दल असेल:
कशावर टेकलोय, ते आधी मोजा.

दोनशे पंचवीस, पन्नासचे, मांडणीत होते आमच्याकडे.
उंची जुन्या दोनशे पाच पंचावन्नइतकीच, केसाचा फरक,
म्हणजे वेगाचा काटा खोटं बोलणार नाही.
बाजूची भिंत सरळ उभी राहिली.
पुन्हा रेघ. पुन्हा गल्ली.
या वेळी तो दोनदा फिरून आला, कुणी सांगितलं नव्हतं.
खडू शोधावा लागला,
एका खाचेत पिठाएवढा उरलेला.

पैसे द्यायला आला तेव्हा नोटा चुरगळलेल्या.
बावीस डॉलर कमी.
मी व्हर्लिनकडे पाहिलं. तो हात धूत होता,
म्हणजे त्याला ऐकू आलं होतं.
वहीत लिहिलं: हॉर्वाथ, बावीस, शुक्रवार.
उधारी नाही, ही पाटी तशीच लटकत राहिली माझ्या डोक्यावर.

ते रुंद चार अजून मागे पडून आहेत.
साडेआठ इंचांचं रिम घेऊन कुणी आलं तर
त्यांना जागा मिळेल.
वाईट काही नाही त्यांच्यात.
रात्री शटर ओढताना दिसतात,
पोटात अंधार घेऊन, एकावर एक.