जागा

सोलापूर सोडून गाडी होटगीकडं निघाली की
डावीकडं एक वस्ती लागते. लागते म्हणजे,
आता नव्या फ्लॅटांच्या भिंतीआड जाते.
आधी तिला नावच नव्हतं. इंजिनांचा कोळसा उतरवायला
कंपनीनं एक लाइन फोडली, कोळशाभोवती माणसं साचली.
कागदावर कोल डेपो, तोंडात कोलडीपा.

माझा बाप मलकारी इथं चौदाव्या वर्षी कॉलबॉय लागला
आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी कॉलबॉय म्हणूनच उतरला.
केस पिकले, बॉय काही पिकला नाही.
काम एवढंच: गाडीच्या दोन तास आधी कंदील घेऊन
ड्रायव्हर, फायरमन, गार्ड यांना उठवायचं
आणि वहीत सही घ्यायची, उठल्याची.

नऊ नंबरात रजाकमिस्त्री. त्यांना हाक नको,
उजेड खिडकीला टेकवला की खोकायचे.
चौदात शरणप्पा फायरमन. त्याच्या आधी त्याची म्हैस उठायची,
ती हंबरली की तो कानडीत दोघांनाही शिव्या द्यायचा,
म्हशीला आणि बापाला.
सतरात गार्ड डिमेलो, बुटांसकट दार उघडायचा,
मागं गादीची घडी तशीच.
बाविसात व्यंकय्या गुंडेटी. पण पुढं यायची नरसूबाई,
"उठलालेत की, थांब जरा,"
आणि बापाच्या हातावर भाकरीचा गरम चतकोर.

सह्या मोडीतल्या, उर्दूतल्या,
डिमेलोची वळणदार इंग्रजी, शरणप्पाचा अंगठा
कोळशाचाच, त्याला शाई लागायची नाही.
बापाला आकडे यायचे आणि एकच शब्द.
तो शेवटच्या रकान्यात लिहायचा:
२.१०, मालगाडी, घर ९, जागा.
३.४०, मद्रास मेल, घर १७, जागा.

एका पहाटे बाविसासमोर रकाना कोरा.
पेन्सिल टोचल्याचं भोक आहे तिथं, शब्द नाही.
गाडी दुसऱ्यानं नेली.
तीन महिन्यांनी क्वार्टर खाली करायची नोटीस आली,
तशी नरसूबाई रूळ ओलांडून राखेच्या ढिगावर गेली,
कुजके स्लीपर उभे केले, वर चार पत्रे.
पुढं रिटायर झालेले तिकडं गेले,
संपात कमी केलेले गेले,
शरणप्पा म्हशीसकट गेला.
कोलडीपा वाढला तो असा, घर गेलेल्यांनी.

वाफ गेली. डेपोची लाइन उपटून भंगारात दिली.
नरसूबाईच्या पत्र्यांना चाळीस वर्षं झाली तेव्हा
मोजणीवाला साहेब आला.
"अमुक सालाआधीपासून जागा होती, याला पुरावा?"
लाइटबिल दाखवावं तर लाइटच कालपरवाची.
बापानं पेटी काढली. एक कडी त्यानं धरली, एक मी.
साहेबानं वही उघडली.
जागा. जागा. जागा. पानंच्या पानं.
हसला. "बाबा, ही ती जागा नव्हे."
"दुसरी आणि कुठली असती, साहेब?"

क्वार्टरं त्याला नकोच होती, ती रेल्वेची.
रुळापलीकडचं काही आहे का, म्हणाला, वही मिटता मिटता.
मग त्याचं बोट थांबलं.

कोऱ्या रकान्यानंतरच्या वर्षांत,
रोज नाही, पण आठवड्यातून तीनदा तरी, एक ओळ.
गाडीचं नाव नाही. घराला नंबर नाही,
नुसतं "पल्याड, पत्रा".
वेळ पहाटेची, मेल काढून दिल्यानंतरची.
सहीऐवजी पिठाचं बोट.
आणि शेवटी बापानं आपल्या एकुलत्या शब्दाचा
काना खोडून वेलांटी दिलेली:
जागी.

साहेबानं झेरॉक्सचा दीड रुपया मागितला.
बापानं दोन दिले.