दोन बाटल्या

मे महिन्यात बिलावलीचं पाणी मागे सरतं
तेव्हा मी जाते, जुना टूथब्रश, बशी
आणि दोन बाटल्या घेऊन.
एक उजेडाची,
एक चंदेरी कागदात गुंडाळलेली, अंधाराची.

चौकीदार भेरूलाल विचारतो,
"बाई, तळाशी काही पडलंय का तुमचं?"

दगडाची पाठ घासते. तपकिरी बुळबुळ
बशीत उतरते. बाटल्यांत निम्मी निम्मी.
दुपारपर्यंत पाण्यात ठेवायच्या,
मग प्राणवायू मोजायचा.
दोघींतला फरक, ती तळाची कमाई.

शलाकाचं पत्र आलंय
बर्फाशेजारच्या कुठल्याशा तळ्यावरून:
"पाणी इतकं नितळ, की रिकामंच वाटलं.
जाळं ओढलं, हाती काही नाही.
मग घोटाभर आत गेले आणि सपशेल घसरले.
मॅडम, सगळं तळं खालीच राबतंय.
माशाच्या पोटातही तेच निघालं, दगडावरचं."

इथे पाणीच हिरवं,
शहराचं उष्टं खाऊन माजलेलं.
हातभर खाली दोन्ही बाटल्यांत
एकच आकडा. सलग तीन वर्षं.
वहीत मी ते शून्य जरा ठळक काढते.

काल भेरूलाल ओंजळीत दगड घेऊन आला,
काठाजवळचा, पाण्यासकट,
चालताना बोटंसुद्धा न हलवता.
गोगलगायीने अर्धा चाटलेला.
उरलेल्या अर्ध्यावर, मोहरीएवढा,
एक बुडबुडा.

"हा धरलात का हिशेबात?"