चौकट सैल आहे

रात्री भांडी घासून झाली की
मी लॅपटॉप उघडते
आणि माणसांभोवती चौकटी काढते.
एका चौकटीला चाळीस पैसे.
माणूस, सायकल, कुत्रा, खांब.
रिक्षाला यादीत वेगळं नाव नाही,
ती 'इतर'मध्ये जाते.

हे ऐकून हणमंत दोन दिवस बोलला नाही.
तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला,
"उद्या ती बिनड्रायव्हरची गाडी नाशिक फाट्यावर आली
तर मला बघून थांबेल ना?
की इतर म्हणून येईल अंगावर?"
मी त्याला आमटी वाढली.
खरं सांगायचं तर मला माहीत नाही.

मला नियम तेवढे माहीत आहेत.
अर्ध्याहून जास्त झाकलेला माणूस धरायचा नाही.
आरशातला धरायचा नाही.
वाढदिवसाच्या फ्लेक्सवर हात जोडून उभे असतात
ते माणूस नव्हेत.
(हा वाचून मी एकटीच हसले होते, रात्री एक वाजता.)
आणि कड अंगाला चिकटून हवी,
तीन पिक्सेल, त्याहून सैल चालत नाही.

बाबांना हे काम आवडलं असतं.
भोसरीत सव्वीस वर्षं लेथवर होते,
दहा मायक्रॉनच्या गोष्टी अशा सांगायचे
जसं कुणी वाघाच्या सांगतं.
मग सीएनसी आलं.
साहेबांनी त्यांनाच तिच्याशेजारी उभं केलं,
"दत्तोबा, हिला तुमचं काम दाखवा."
आठ महिने दाखवलं.
नवव्या महिन्यात बाबा दुपारीच घरी यायला लागले.
पण मशीनला कधी नावं ठेवली नाहीत.
"काम चोख करते," म्हणायचे,
"लोखंड तापलंय हे मात्र तिला सांगावं लागतं.
मला वासावर कळायचं."

मंगळवारी पुण्याचे फोटो आले.
एरवी धुतल्यासारखी शहरं असतात,
कुठली ते सांगत नाहीत.
या वेळी मेट्रोचा खांब, खाली रसवंती,
फुगेवाडी.
चेहरे पुसलेलेच असतात सगळ्यांचे.
पण कॅरियरला सुतळीनं बांधलेली निळी बरणी,
आणि डावा पाय जमिनीला टेकवून
बंद पडलेल्या सिग्नलची वाट बघणारा माणूस
त्या रस्त्यावर एकच होता.

कोपऱ्यात तारीख होती, मार्चची.
बाबा ऑगस्टात गेले.

सायकल वेगळी, माणूस वेगळा, असा नियम आहे.
मी दोघांना एकत्र घेतलं.
डोक्यावर थोडी जागा सोडली,
पुढच्या चाकापुढे थोडा रस्ता,
जायला.

सकाळी तपासणीतून परत आलं:
चौकट सैल आहे. दुरुस्त करा.
नंतर प्रणोती मॅडमचा फोन. चांगल्या आहेत त्या.
"एरवी तुमचं काम इतकं घट्ट असतं,
बरं नाही का?"
म्हटलं, डोळा लागला असेल.

दुरुस्त केली.
सायकल सोडवून बाजूला काढली.
कड आत घेतली, शर्टाच्या बाहीपर्यंत,
वाकलेल्या खांद्यापर्यंत,
तीन पिक्सेल.
बाबांनी बोट फिरवून बघितलं असतं
आणि काही बोलले नसते,
म्हणजे पास.

आता कुठल्यातरी गाडीला,
जी मी कधी बघणार नाही,
कदाचित ठाऊक असेल
की असा एक म्हातारा रस्त्यात असू शकतो.
बरणीसाठी रकाना नव्हता.

काम संपवून गॅलरीत उभी राहिले.
हणमंत रिक्षा काढत होता.
गल्लीच्या तोंडाशी एक सायकलवाला आडवा आला.
हणमंत थांबला,
मग शिवी दिली,
मग हातानं खूण केली,
जा बाबा, जा.