वरचा स्वल्पविराम

बिल क्रमांक चारशे सतरा.
आठशे चाळीस पौंड. मुदत तीस दिवस.
आज एक्क्याण्णवावा.

ग्रिम्सबीच्या गोदीजवळ
थॉर्नडाइकच्या मासळीच्या दुकानावर
माझीच अक्षरं उजळतात दुपारी चारला, अंधार पडला की.
सीगल त्यांच्यावर बसतात, शिटतात,
गिऱ्हाइकं खाली रांग लावतात कार्ड हातात धरून.
रांगेतलं कुणी त्याला म्हणत नाही,
मासा आत्ता खातो, पैशांचं जूनमध्ये बघू.

पहिलं स्मरणपत्र मी इतकं मऊ लिहिलं
की वाचणाऱ्याला वाटावं, मीच त्याचं देणं लागते.
दुसऱ्यात "कृपया" दोनदा.
तिसऱ्यात एकदाच.
चौथ्या वेळी कायद्याने लागणारं व्याज मोजलं,
आकडा लिहिला, खोडला,
चहा केला, पुन्हा लिहिला,
आणि पत्र गेलं ते व्याजाशिवायच.

बॅरी थॉर्नडाइक माणूस वाईट नाही.
भेटला की लेकीची चौकशी करतो,
हॅडॉकचे दोन तुकडे कागदात गुंडाळून देतो,
पैसे घेत नाही.
त्याचे घेत नाही, माझे देत नाही:
त्याच्या मते हिशेब फिटत आला असावा.

मागायला गेलं की माझी जीभ इचलकरंजीला जाते.
तिथं वडील पाट्या रंगवायचे.
कापडदुकानं, पिठाच्या गिरण्या, सायकल मार्ट,
आणि एकदा, हातभर लांब, लाल अक्षरांत:
आज रोख, उद्या उधार.
प्रत्येक अक्षराला निळी सावली.
दुकानदार खूश झाला. म्हणाला,
पैसे उद्या घेऊन जा.
वडील वर्षभर त्या पाटीखाली उभे राहून
उद्या कधी येतो ते बघत होते.

मंगळवारी मी शिडी घेऊन गेले.
नावातला वरचा स्वल्पविराम खरोखरच मिणमिणत होता,
ई आणि एस यांच्यामधला, तळहाताएवढा.
हमीतलं काम आहे, मी बॅरीला सांगितलं,
दोन स्क्रू काढले, तारेला टेप गुंडाळली
आणि तो कोटाच्या खिशात घालून घरी आले.
परत कधी लावशील, त्याने विचारलं होतं.
उद्या, म्हणाले मी.
शप्पथ, ठरवून नाही आलं तोंडात.

बुधवारी निवृत्त शिक्षिका मिसेस पिंडर
रांग सोडून थेट काउंटरशी गेल्या.
गुरुवारी दोघांनी फोटो काढले.
शुक्रवारी काचेवर कुणीतरी चिठ्ठी डकवली,
अक्षर सुरेख, विरामचिन्हं जागच्या जागी.
या देशात थकलेलं बिल चालतं,
गळलेला स्वल्पविराम नाही.
शनिवारी नऊ वाजून सहा मिनिटांनी
फोन थरथरला. आठशे चाळीस, पूर्ण.
व्याज नाही. मीही मागितलं नव्हतं.

लगेच शिडी उचलली. समुद्राकडून वारा असा
की अक्षरं शिट्ट्या घालत होती.
बॅरीने खालून शिडी धरली,
घट्ट, दोन्ही हातांनी.
कौन्सिलने अकरा आठवडे थकवलेत माझे, म्हणाला,
मला नाही, शिडीलाच बहुतेक.
मी स्क्रू पिळत राहिले.

दरपत्रकावर आता तळाला नाही, माथ्यावर लिहिलंय:
अर्धे आगाऊ, उरलेले शिडी उतरल्यावर.
काल सलूनवाल्या पोरीने ते वाचलं,
कार्ड काढलं, एक शब्द बोलली नाही.
मीच उगाच लाजले.

रात्री वडिलांना फोन करून सगळं सांगितलं.
हसले, खोकला येईपर्यंत.
मग म्हणाले, असं वागू नये, माणसं तोडू नयेत.
मी तर केव्हाच सोडून दिले ते पैसे.
थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज.
"बत्तीस रुपये," म्हणाले.
"रंगाच्या डब्याचे सव्वाचार वेगळे."