उसनी बाटली

पिको बेटावर द्राक्षवेली उभ्या राहतच नाहीत.
काळ्या लाव्हाच्या गुडघाभर भिंतींआड
वाऱ्याकडे पाठ करून बसतात, शेळ्यांसारख्या.
मी विचारलं, माती कुठेय?
डेल्फिम म्हणाला, आजोबांच्या आजोबांनी
पलीकडच्या बेटावरून आणली, टोपल्यांनी. बाकी दगडच.
आणि त्याने बूच दातांनी उपटलं.

तळघरात दोन पिंपं, एक चाक नसलेली सायकल,
मुलीने टोरंटोहून पाठवलेलं कॅलेंडर,
मार्चवरच थांबलेलं.
पहिला घोट: खारा वारा.
दुसरा: भिजलेली काडेपेटी.
तिसऱ्याला मी गप्प झाले.
"हिला कळली," तो आमिल्कारला म्हणाला,
"तुला अजून नाही."

दुकानात मिळेल का?
"तिथवर पोचत नाही. वाटेत शेजारी राहतात."

मग त्याने फळीमागून बाटली काढली.
हिरवी, जाड, खांद्यावर टवका उडालेली,
तळाशी कुठल्याशा सोडा कारखान्याचं नाव, उलटं.
धुतली, हुंगली, पुन्हा धुतली,
भरली, आणि बुटाच्या टाचेने बूच ठोकलं.
मी पैसे काढले तर रागावला.
"वाइन तुझी. बाटली माझी.
इथे काच बोटीने येते, बाई."

आधी आमिल्कारचा उजवा लोकरी मोजा,
मग पिशवी, पिशवीवर पिशवी,
मग माझा स्वेटर, बाह्या पोटाशी बांधून,
जशी बाळंतीण गुंडाळावी.
बोटीत मांडीवर घेतली. विमानतळावर
मांडीवरून घेतली गेली.
रबरी पट्ट्यांचा पडदा हलला
आणि ती पलीकडे.
अडीच तास मी टाचा उचलून बसले होते,
जणू माझ्याच पायाखाली होती.
विमान जरा हललं की
आमिल्कार जिभेने 'टक्' करायचा.
त्याला मी अजून माफ केलेलं नाही.

लिस्बनला बॅग आली ती उताणी.
'नाजूक' लिहिलेली चिठ्ठी
कुणाच्या तरी सर्फबोर्डवर गेली होती.
एवढ्या गर्दीत उकिडवी बसून
मी बॅगेच्या चेनला नाक लावलं.
लोकर. फक्त लोकर.

सेतूबलला आमचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.
बाटली मी चढवली. बॅगा त्याने.
आमिल्कार म्हणाला, वाढदिवसाला उघडू.
पण एका मंगळवारी सार्डिन स्वस्त मिळाले,
ग्रासिएत शिडी मागायला वर आली,
आणि शिडीआधी ग्लास निघाले.
खारा वारा अर्धाच आला होता.
उरलेला तिथेच, भिंतींआड बसला असणार.
ग्रासिएत म्हणाली, आंबट आहे,
आणि ग्लास पुढे केला.

तेव्हापासून रिकामी बाटली खिडकीत.
दुपारी ओट्यावर हिरवी सावली सरकते,
माझ्या हातावरून, कांद्यावरून.
उसनं भांडं रिकामं परत करू नये,
आई वाडग्यात निदान चार अंजिरं घालायची.
म्हणून आम्ही तिच्यात आमच्या टेकडीवरची
गोड मस्कातेल भरली, काठोकाठ.
पोस्टातला पोरगा म्हणाला, द्रव चालत नाही.
वजन करून मात्र दिलं. दीड किलोच्या वर.

म्हणजे जावं लागणार.

आमिल्कार आठवडाभर आकडेमोड करतोय,
कधी ऑक्टोबर म्हणतो, कधी ईस्टर.
मी मोजा शोधायला घेतला.
डावा मिळाला. उजवा पलंगाखाली होता,
त्याच्या टाचेवर पिवळसर, कडक झालेला डाग.
म्हणजे थोडी झिरपली होती तर.
आणि आम्हाला वाटत होतं, सगळी आणली.

मी तो धुतला नाही.
तसाच बाटलीवर चढवला.