तेरावं पान

डेलावेअर आधी बसलं, ऐन डिसेंबरात,
पाठोपाठ पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी.
बाराजणांची पंगत उठायला आली
तरी आमचं ऱ्होड आयलंड दाराशीच,
जोडे न काढता.

मग नव्वदच्या मेअखेरी
न्यूपोर्टहून घोडेस्वार आला:
चौतीस विरुद्ध बत्तीस.
दोन मतांवर राज्य.
मेहिटेबलबाई म्हणाल्या, "बसलो एकदाचे!
प्रायमस, खिडकीत तेरा मेणबत्त्या लाव."

देवमाशाचा वास माझ्या बोटांना कायमचाच.
वाती कातरल्या, ओळ धरली.
तेरावी जरा कलली.

प्रायमस म्हणजे लॅटिनमध्ये पहिला.
विकत घेतलं त्या दिवशी
धन्याने हसत ठेवलेलं नाव.

"बाई," मोजता मोजता विचारलं,
"माझं पान कितवं?"

त्या म्हणाल्या, वारा सुटलाय,
खिडकी लावून घे.