ॲगॅरिकोमायसिटीज

हा शब्द उर्वेला अजून येतो.
मुलाचं नाव येत नाही, औषधाचा वार येत नाही,
पण हा विचारा, अडखळत नाही:
ॲ-गॅ-रि-को-मा-य-सि-टीज.
तार्तूच्या संग्रहालयात चाळीस वर्षं
वाळक्या अळंब्यांच्या पाकिटांवर तिनं तो लिहिला,
टाकानं, काळ्या शाईत, एक डाग न पाडता.

आता व्होरूच्या वृद्धाश्रमात
काइदी फॉर्म घेऊन बसते. नाव?
उर्वे खिडकीबाहेर बघते.
बर्चखाली काहीतरी उगवलंय.

दुपारी ती तिथवर गेली, कोणाला न सांगता,
घरातल्या सपातांवर.

रात्री टेबलावर चहाचा ग्लास उपडा.
आत एक टोपी, देठ मोडून काढलेला,
चुण्यांची बाजू खाली.
काइदीनं हात लावला नाही, का कोण जाणे.

सकाळी ग्लास उचलला, मग टोपी.
कागदावर तपकिरी भुकटीच्या रेघा,
मधून निघून कडेपर्यंत पोचलेल्या,
केसाहून बारीक,
फुंकर मारली तर जातील अशा.

फॉर्मच होता तो.
नावाचा रकाना पुरता भरलेला.

थांब, उर्वे म्हणाली,
शाई वाळू दे.